जंतू सापडला म्हणजे मृत्यूचे कारण सापडले का? वन्यप्राण्यांच्या रोगनिदानाविषयी

प्रश्न: महूची विद्यार्थिनी, इंदूर

नमस्कार. मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) घेऊन वन्यप्राण्यांच्या रोगनिदानाकडे वळावे, असा माझा विचार आहे. गायी-म्हशींच्या बाबतीत आमच्या हाताशी बरेच काही असते. जनावराने खाणे कधी सोडले ते मालक सांगतो, ताप मोजता येतो, रक्ताच्या अहवालात सामान्य मर्यादा शेजारीच छापलेल्या असतात आणि बहुतेक चाचण्या त्याच प्राण्यांसाठी तयार केलेल्या असतात. काळवीट, तरस किंवा मगर समोर आली की यांतले जवळजवळ काहीच उरत नाही.

माझा गोंधळ एका विशिष्ट मुद्द्यावर आहे. एका चितळाच्या शवविच्छेदनाचा अहवाल अलीकडे अभ्यासासाठी वाचायला मिळाला. ठिकाण सांगणे योग्य होणार नाही. फुप्फुसाच्या नमुन्यात पाश्चुरेला हा जिवाणू वाढला होता, रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या थेंबात) थायलेरिया हा रक्तातला परजीवी दिसला होता, आतड्यात गोलकृमी होते, आणि इतके सगळे सापडूनही शेवटच्या रकान्यात ‘मृत्यूचे कारण अनिश्चित’ असे लिहिले होते. मला ही पळवाट वाटली. आता पीसीआरने (जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीने) कोणत्याही जंतूचा अंश पकडता येतो, मग निदान अडते कुठे? आणि ज्या प्राण्याला हातही लावता येत नाही, त्याचा आजार तो जिवंत असताना ओळखतात तरी कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, इंदूर

तो अहवाल लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिला आहे, असे माझे मत आहे. पाश्चुरेला निरोगी हरणांच्या घशातही राहतो. प्राण्यावर ताण आला की तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतो, हे खरे. पण शव काही तास उन्हात पडून राहिले, तर मृत्यूनंतरही त्याची तेथे वाढ होते. थायलेरिया जंगलातल्या हरणांच्या रक्तात वरचेवर आढळतो आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा काहीही त्रास नसतो. गोलकृमींविषयी तर बोलायलाच नको. ज्या चितळाच्या पोटात एकही कृमी नाही, त्या चितळाचेच मला नवल वाटेल. हे तिघे तेथे हजर होते, एवढेच या नोंदींवरून कळते.

त्यांच्यापैकी कोणी काही केले का, हे ऊतकाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही. वायुकोशांत फायब्रिन (रक्त गोठवणारे धागेदार प्रथिन) साचले आहे, पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आहे आणि त्या गर्दीत जंतूंचे पुंजके आहेत, असे चित्र दिसले, तर पाश्चुरेलाला अर्थ येतो. तेथे नुसते रक्त साकळलेले असेल आणि जंतूंभोवती शरीराने कसलीच प्रतिक्रिया दिलेली नसेल, तर ते जंतू प्राणी मेल्यावर वाढले, असे समजावे. पीसीआर जंतूचे अस्तित्व सांगते, त्याचे कर्तृत्व सांगत नाही. तरुण मंडळी यंत्राच्या आकड्यावर जरा लवकर विसंबतात, असे माझे जुने गाऱ्हाणे आहे, ते असो.

गिधाडांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. दक्षिण आशियात १९९० च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली, तेव्हा अनेकांना विषाणूचा संशय होता आणि त्या दिशेने शोधही बराच झाला. शवविच्छेदनात मात्र यकृत, मूत्रपिंडे आणि हृदयाचे आवरण यांवर युरिक आम्लाचा पांढरा थर दिसत होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाल्यावर होणारा अंतर्गत गाउट. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील गिधाडांवर केलेले काम २००४ साली प्रसिद्ध झाले. गाउट असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक हे गुरांना त्या काळी दिले जाणारे वेदनाशामक सापडले आणि गाउट नसलेल्या १३ पैकी एकातही सापडले नाही. माझ्या दृष्टीने या अभ्यासाचा कणा ते १३ पक्षी आहेत. गाउट झालेले पक्षीच तपासले असते, तर हे औषध सगळ्याच गिधाडांच्या शरीरात असते, असा आक्षेप कोणीही घेऊ शकला असता. त्यावरही न थांबता त्यांनी औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना खाऊ घालून तोच विकार होतो, हे दाखवले. भारताने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली आणि २०२३ साली अ‍ॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांनाही त्याच यादीत घातले.

एकापेक्षा अधिक कारणे एकत्र आली तर काय होते, ते सेरेंगेटीच्या सिंहांवरून कळते. १९९४ साली तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह मेले आणि कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या रोगाच्या विषाणूवर ठपका आला. पुढे साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले, तेव्हा लक्षात आले की याच विषाणूच्या साथी तेथे इतरही वेळा येऊन गेल्या होत्या आणि त्या वेळी सिंह फारसे मेले नव्हते. १९९४ च्या आधी मोठा दुष्काळ पडला होता, रानम्हशी खंगल्या होत्या, त्यांच्या अंगावर गोचिडी माजल्या होत्या आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडींमार्फत बबेसिया हा रक्तातला परजीवी मोठ्या प्रमाणावर शिरला होता. विषाणूने प्रतिकारशक्ती दाबून टाकली आणि एरवी निरुपद्रवी असलेला बबेसिया जीवघेणा ठरला. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दलखाणिया भागातील २३ सिंह दगावले, तेव्हा आरंभी आपसांतील झुंजींचे कारण पुढे आले होते; नंतरच्या तपासणीत डिस्टेंपर आणि बबेसिया ही दोन्ही नावे आली. तेव्हा तुमच्या चितळाच्या अहवालात तीन नावे असणे आणि तरीही कारण न ठरणे यांत विसंगती नाही.

उत्तर: प्राणिसंग्रहालयातील पशुवैद्य, बडोदे

सरांनी मृत प्राण्यांविषयी लिहिले आहे. मी जिवंत प्राण्यांपुरते लिहितो. शिकार होणारे प्राणी आजार लपवतात, कारण कळपात लंगडणारे हरीण आधी मारले जाते. पिंजऱ्यात आल्यावरही ही सवय सुटत नाही. त्यामुळे काळवीट आजारी दिसू लागते, तेव्हा त्याचा आजार बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. आमच्याकडे पहिले निदान डॉक्टर करत नाही, प्राणिपाल करतो. ‘साहेब, आज तो नेहमीच्या जागी बसला नाही,’ एवढे त्याने सांगितले, तरी मी त्या दिवशीचे वेळापत्रक बदलतो. त्याच्या वहीतील नोंदी, म्हणजे उरलेले खाद्य, विष्ठेचा पोत, पाणी किती प्यायले हे सगळे, मला कोणत्याही महागड्या यंत्राहून अधिक मोलाचे वाटते.

यानंतर येते ते हात न लावता मिळणारे साहित्य. ताज्या विष्ठेतून परजीवींची अंडी तर दिसतातच, शिवाय ताणाशी संबंधित संप्रेरकांचे अंशही मोजता येतात. रक्त हवे असेल, तर पूर्वी भूल देण्यावाचून इलाज नसे. आता मांसाचे तुकडे बक्षीस देत वाघाला जाळीलगत बसून शेपूट बाहेर सोडू देण्याची सवय लावता येते आणि शेपटीच्या शिरेतून भुलीशिवाय रक्त घेता येते. यात बरेच महिने जातात. पण भुलीच्या औषधाने अहवालच बिघडतो, ही अडचण त्यामुळे टळते. झायलाझिन हे भुलीचे औषध दिल्यावर रक्तातील साखर वाढते, हे माहीत नसलेला डॉक्टर निरोगी बिबट्याला मधुमेही ठरवील.

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना तो कोणत्या प्राण्याचा आहे, हे ठळक लिहा. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे माणसांसाठी बनवलेली मोजणी यंत्रे त्यांना पांढऱ्या पेशी समजतात आणि मोराच्या अहवालात भयंकर संसर्ग झाल्यासारखा आकडा छापून येतो. तेथे काचपट्टीवर डोळ्यांनीच मोजावे लागते. पक्ष्यांच्या मूत्रपिंडांची स्थिती क्रिएटिनिन या रक्तातील टाकाऊ पदार्थावरून नीट कळत नाही, तेथे युरिक आम्ल पाहावे लागते. अनेक जातींच्या हरणांच्या तांबड्या पेशी काचपट्टीवर कोयत्यासारख्या वाकलेल्या दिसतात, तो आजार नव्हे. गायींसाठी बनवलेली प्रतिपिंडांची चाचणी काळविटावर चालवली, तर येणारे ‘निगेटिव्ह’ खरे की चाचणीला त्या प्राण्याची प्रतिपिंडे ओळखताच आली नाहीत, हे सांगता येत नाही. सामान्य मर्यादांच्या बाबतीत जगभरातील प्राणिसंग्रहालये ‘झिम्स’ या सामाईक संगणकप्रणालीत आपापल्या नोंदी भरतात. तेथे बऱ्याच जातींचे आकडे मिळतात. तरी माझा अधिक विश्वास त्याच प्राण्याच्या तो ठणठणीत असतानाच्या जुन्या अहवालावर असतो.

सरांच्या त्या १३ गिधाडांना मी एक जोड देतो. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला, तेव्हा आरोग्य यंत्रणेने सेंट लुइस एन्सेफलायटिस (डासांतून पसरणारा एक मेंदूज्वर) असे निदान केले होते. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात फ्लेमिंगो दगावले. तेथील विकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांना हे निदान पटले नाही, कारण सेंट लुइसचा विषाणू पक्ष्यांना असा मारत नाही. घोड्यांच्या मेंदूज्वराचा विषाणू असावा, तर त्याला सहज बळी पडणारे एमू धडधाकट होते. बर्ड फ्लू असावा, तर कोंबड्यांना काही झाले नव्हते. कोण मेले याइतकेच कोण मेले नाही याकडे त्यांनी पाहिले. शेवटी तो वेस्ट नाइल विषाणू निघाला, जो अमेरिकेत त्यापूर्वी कधी आढळलाच नव्हता.

तुम्ही इंदूरलाच आहात, तर नवलख्याजवळच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात सुटीच्या दिवशी सकाळी जाऊन एकाच पिंजऱ्यासमोर दोन-तीन तास बसा. निरोगी प्राणी दिवसभर काय करतो, हे ठाऊक नसेल तर आजारी प्राणी ओळखू येणार नाही.

उत्तर: चंबळ काठ, ग्वाल्हेर

मी वनक्षेत्रात काम करतो. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. ऊतकाचा काप ही आदर्श गोष्ट आहे. पण मे महिन्यात आमच्या भागात नाकेदाराला (वनरक्षकाला) नीलगाय सापडते, तोपर्यंत तिला मरून दीड दिवस झालेला असतो आणि आतील पेशी स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळून गेलेल्या असतात. अशा शवाच्या कापातून काहीही वाचता येत नाही. त्या वेळी पीसीआर हाच उरलेला आधार असतो, कारण पेशी गेल्या तरी विषाणूच्या जनुकांचे तुकडे काही काळ टिकतात. तेव्हा यंत्रावर विसंबणे हा दर वेळी आळस नसतो.

ताईंना माझा सल्ला असा की शवाला सुरी लावण्यापूर्वी थांबायला शिका. नाकातोंडातून वा गुदद्वारातून न गोठलेले काळपट रक्त आलेले असेल आणि शव लवकर फुगलेले असेल, तर ते उघडू नका. अँथ्रॅक्स असेल तर हवा लागताच जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ती जमीन कित्येक वर्षे दूषित राहते. कानाच्या शिरेतून स्मिअर घ्या, मिथिलीन ब्लूने रंगवून पाहा, आणि शंका फिटल्यावरच पुढे जा.

नमुन्यांचे गणित सोपे आहे, तरी सर्वांत जास्त घोळ तेथेच होतो. सूक्ष्मदर्शकासाठीचा तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नको, दहापट फॉर्मेलिनमध्ये बुडवावा आणि कधीही गोठवू नये, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फाडून टाकतात. विषाणूसाठीचा तुकडा याच्या उलट: फॉर्मेलिनचा स्पर्शही नको, थेट बर्फात. विषबाधेसाठी यकृत, मूत्रपिंड आणि जठरातील अन्न वेगवेगळ्या बरण्यांत, तेही फॉर्मेलिनशिवाय. अख्खे यकृत फॉर्मेलिनच्या बाटलीत कोंबून पाठवलेले मी पाहिले आहे. आत मधोमध ते कुजलेलेच होते.

सगळे नियमानुसार करूनही उत्तर मिळेलच असे नाही. डिसेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात खालच्या चंबळेत, इटाव्याच्या बाजूला, शंभराहून अधिक घडियाल मेले. त्यांना गाउट होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती, येथपर्यंत सर्वांचे एकमत झाले. पण मूत्रपिंडे बिघडवणारा पदार्थ नेमका कोणता, हे निर्विवाद सिद्ध झाले नाही. नदी वाहती असते आणि थोड्याच दिवसांत पुरावा घेऊन पुढे जाते.

आफ्रिकेतून चित्ते आणून सोडलेले कुनो राष्ट्रीय उद्यान आमच्या शेजारी असल्यामुळे तेथील दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मार्च २०२३ मध्ये साशा ही चित्ता मादी मूत्रपिंडाच्या विकाराने मेली, तेव्हा नामिबियात ऑगस्ट २०२२ मध्ये घेतलेल्या तिच्या रक्तनमुन्याचा अहवाल मागवून पाहिला गेला आणि त्यात क्रिएटिनिन आधीच वाढलेले होते. तो जुना कागद नसता, तर इथले पाणी, इथले मांस, इथला उन्हाळा यांनाच दोष लागला असता. त्याच वर्षी जुलैत काही चित्त्यांच्या मानेवर रेडिओ कॉलरखाली जखमा होऊन त्यांत अळ्या पडल्या आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. आफ्रिकेच्या दक्षिण भागात ते महिने हिवाळ्याचे असल्यामुळे त्यांच्या अंगावर दाट केस आले होते आणि आपल्याकडे पावसाळा होता. ओल तेथे अडकून राहिली, असे स्पष्टीकरण पुढे आले. अशा जखमेतून कोणता जिवाणू वाढला, हे प्रयोगशाळा सांगेल. त्याला आत शिरायला वाट कशाने मिळाली, हे मान उघडी करून पाहणाऱ्यालाच कळेल.

प्रतिसाद: सुदामानगर, इंदूर

मी या क्षेत्रातला नाही, पण २०२० च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले होते, ते आम्हा इंदूरकरांना चांगलेच आठवते. तेव्हा निदान फार दिवस अडकले नव्हते. मग हरणाच्या बाबतीत इतका घोळ का? आणि आमच्या गल्लीत असे पक्षी दिसले तर काय करावे?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, इंदूर

कावळ्यांचे निदान लवकर झाले, कारण एकाच जागी, एकाच जातीचे, थोड्याच दिवसांत अनेक पक्षी मेले होते आणि संशय कशाचा घ्यायचा हे स्पष्ट होते. बर्ड फ्लूसाठी देशाची प्रमुख प्रयोगशाळा भोपाळलाच आहे. तेथे त्या कावळ्यांत एच५एन८ हा विषाणू निश्चित झाला. प्रश्न नेमका असला की उत्तर लवकर येते. एकट्या चितळाच्या बाबतीत प्रश्न काय विचारायचा, इथपासूनच सुरुवात असते. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, त्यांचे नमुने भोपाळलाच गेले आणि एच५एन१ निघाला. वाघाला बर्ड फ्लू होऊ शकतो हे आधी मनात आणावे लागते, तरच तशी चाचणी मागितली जाते. गल्लीत मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा आणि पशुपालन विभागाला किंवा नगर निगमला कळवा.

ग्वाल्हेरच्या मित्राचा मुद्दा मला मान्य आहे. कुजलेल्या शवाच्या बाबतीत मीही पीसीआरच मागीन. फक्त त्या अहवालात ‘आढळले’ असे लिहीन, ‘कारण’ असे लिहिणार नाही.

प्रतिसाद: महूची विद्यार्थिनी, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांचे वाचून मी तो अहवाल पुन्हा उघडला. दुसऱ्या पानावर दोन ओळी आहेत, ज्या मी आधी नुसत्या नजरेखालून घातल्या होत्या: मृत्यूच्या तीन दिवस आधी त्या चितळाला इतर काही चितळांबरोबर पकडून दुसऱ्या कुंपणात हलवले होते, आणि मांडीचे स्नायू ‘फिकट’ असल्याची नोंद आहे. मूत्राशयात गडद तपकिरी मूत्र होते. सोबतच्या चितळांविषयी एक शब्दही नाही. हा कॅप्चर मायोपथीचा (पकडण्याच्या ताणाने होणाऱ्या स्नायूविकाराचा) प्रकार असू शकेल का?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, इंदूर

असू शकेल, आणि आता माझाही संशय तिकडेच जातो. पकडताना झालेली धावपळ, भीती आणि वाढलेले शरीराचे तापमान यांमुळे हरणांचे स्नायू आतून मोडतात; त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांत अडकते आणि प्राणी काही तासांनी, काही दिवसांनी किंवा कधी त्याहूनही उशिरा मरतो. गडद मूत्र त्याच्याशी जुळते. अशा ताणाखालच्या प्राण्यात पाश्चुरेला फुप्फुसात उतरणेही शक्य आहे, म्हणजे तोही सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. परंतु ‘फिकट’ हा शब्द उघड्या डोळ्यांनी पाहून लिहिलेला आहे आणि रक्तस्राव झालेल्या किंवा उशिरा उघडलेल्या शवातही स्नायू फिकट दिसतात, म्हणून एवढ्यावर निदान लिहू नये.

स्नायूचा तुकडा बहुधा कोणी ठेवला नसेल, कारण शवविच्छेदनात तो घ्यायचे अनेकांना सुचतच नाही. मूत्रपिंडाचा मात्र जवळजवळ नेहमीच ठेवतात. तुमच्या मार्गदर्शकांमार्फत त्या प्रयोगशाळेला पत्र लिहा आणि मूत्रपिंडाचा मेणातला ठोकळा किंवा फॉर्मेलिनची बरणी अजून शिल्लक आहे का, ते विचारा. नलिकांमध्ये तांबूस-तपकिरी साचे दिसले, तर मायोग्लोबिनसाठीचे विशेष रंजन (काप खास रंगद्रव्याने रंगवणे) करायला सांगा. हृदयाचा तुकडा असेल तर तोही मागा, कारण या विकारात हृदयाच्या स्नायूतही मृत पेशींचे पट्टे सापडतात. त्याच पत्रात सोबत हलवलेल्या चितळांचे पुढे काय झाले, त्यांतल्या कोणाचे रक्त घेतले होते का आणि घेतले असल्यास क्रिएटिन कायनेज (स्नायू मोडल्यावर रक्तात वाढणारे विकर) मोजले होते का, हेही विचारून घ्या.